पायाभूत आवाज

त्या वर्षी जालिंदर शिरतोडे रोज सकाळी सहाला आजारी पडायचा आणि सातला खडखडीत बरा होऊन दुकान उघडायला जायचा.

पलूसच्या बसस्टँडमागं त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. पण चार तालुके त्याला ओळखायचे ते कुस्तीचा निवेदक म्हणून. जत्रांचा हंगाम सुरू झाला की लाल मातीच्या कडेला माइक घेऊन तो उभा राहायचा. पैलवान कुठल्या गावचा, वस्ताद कोण, गेल्या साली कुणाला कुठल्या डावावर आस्मान दाखवलं, सगळं तोंडपाठ. वीस-वीस हजार माणूस त्या आवाजावर उठायचं आणि बसायचं.

तोच आवाज त्यानं सकाळचा एक तास मुलीच्या हवाली केला होता.

वेदिका बारावीला होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीय प्रवेश परीक्षेला तीन वर्षांपासून दुसरा भाग जोडला गेला होता. पहिला भाग नेहमीचा, भौतिक-रसायन-जीवशास्त्राचा पेपर. दुसऱ्याचं नाव 'संवाद'. उमेदवारानं एका खोलीत हेडफोन लावून बसायचं. पलीकडून एक रुग्ण बोलतो. रुग्ण खरा नसतो, यंत्रानं घडवलेला असतो. वीस मिनिटं त्याच्याशी बोलून, नुसत्या आवाजावरून आजाराचा अंदाज करायचा आणि शेवटी त्याला समजेल, झेपेल अशा शब्दांत तो सांगायचा. अभ्यासक्रमात बाराच आजार. मार्क ऐकण्याला, ओळखण्याला आणि सांगण्याला.

घरी सराव व्हावा म्हणून मिरजेच्या क्लासनं प्रत्येक मुलाला एक पेटी दिली होती. घरातलं कुणीतरी पेटीच्या माइकमध्ये बोलायचं. पेटी त्या आवाजात आजार मिसळायची आणि आतल्या खोलीत मुलाच्या कानात सोडायची.

यामागचं शास्त्र तसं सरळ होतं. माणूस बोलतो तेव्हा गळ्यातले दोन स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक मिटणं आधीच्यासारखं तंतोतंत नसतं, किंचित फरक पडतो. फुप्फुसात पाणी साठलं की तो फरक एका तऱ्हेनं वाढतो, थायरॉइड मंदावली की दुसऱ्या तऱ्हेनं. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी मरायला लागल्या तर हात थरथरायच्या कितीतरी आधी आवाजातले चढउतार सपाट व्हायला लागतात. साध्या कानाला हे कळत नाही. पण कानाला शिकवता येतं. पेटी आधी आजार दसपट करून ऐकवायची, मग पाचपट, मग दुप्पट, आणि शेवटी खऱ्या आजाऱ्यात असतो तेवढाच. सहा-आठ महिन्यांत सतरा वर्षांच्या पोरांचे कान असे तयार व्हायचे की जुन्या डॉक्टरांनी तोंडात बोट घालावं. अट एकच होती. ज्याच्या आवाजात आजार मिसळायचा तो मूळचा निरोगी हवा. क्लासच्या पुस्तिकेत त्याला 'पायाभूत आवाज' म्हटलं होतं.

"काय होतंय, काका?" आतल्या खोलीतून वेदिका विचारायची.

"काय न्हाई बघा डॉक्टरीणबाई," बाहेरच्या कॉटवर आडवा होऊन जालिंदर कण्हायचा. "जिना चढताना जरा दम लागतोय. सून म्हणती, सोंग करताय."

"रात्री उशा किती घेता?"

"दोन होत्या. आता तीन लागत्यात."

वेदिका आजार बरोबर ओळखायची. घोडं अडायचं ते सांगताना. "काका, तुमचं हृदय नीट काम करत नाहीये," ती एका दमात सांगून मोकळी व्हायची, आणि पेटी दहापैकी चार मार्क द्यायची.

"वेदू, असं धाडकन सांगितलंस तर म्हातारा तिथंच जायचा," जालिंदर हसायचा. "मैदानात हरलेल्या पैलवानाचं नाव मी कसं घेतो? आधी त्यानं काय चांगलं केलं ते सांगतो. मग तो पडला म्हणून सांगतो. पण पडला हे सांगतोच. लपवत नाही."

दिवाळीनंतर वेदिकाचा कान उघडला तो चोवीस तास उघडाच राहिला. एसटीतला कंडक्टर तिकीट-तिकीट करत आला की ती पुटपुटायची, "थायरॉइड." शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं आवतण द्यायला आल्या, तर ही त्यांच्या श्वासाकडंच बघत बसली. सारिका, तिची आई, घरी शाळांचे गणवेश शिवायची. एकदा ती मशीन थांबवून म्हणाली, "अगं, मी कशी बोलतेय ते राहू दे. काय बोलतेय ते ऐक की आधी."

वेदिका ओशाळली होती. त्या दिवसापासून ती घरात मान खाली घालून ऐकायला लागली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सराव संपला. वेदिका आंघोळीला गेली आणि जालिंदर पेटी बंद करायला उठला. पडद्यावर दोन ओळी होत्या. 'हा आवाज यापुढे पायाभूत आवाज म्हणून वापरता येणार नाही. कृपया घरातील दुसऱ्या व्यक्तीचा आवाज द्यावा.' खाली 'कारण' असं बटण होतं. त्यानं ते दाबलं.

'पायाभूत आवाजात आजार क्रमांक नऊची लक्षणे आढळतात.'

टेबलावर वेदिकाची वही होती. तिच्या वळणदार अक्षरात बारा आजारांची यादी होती. नववा होता पार्किन्सन्स.

त्यानं संदेश पुसून टाकला. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. तो तसाच दुकानावर गेला आणि दिवसभर एकाच मोटारीची तार गुंडाळत बसला.

मंगळवारी तार आणायला म्हणून तो मिरजेला गेला. मेंदूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याला अंगठ्यावर बोट भराभर आपटायला लावलं, चालायला लावलं, मेंदूचा स्कॅन काढला. दुपारी समोर बसवून म्हणाले, "सुरुवात आहे. फार लवकर सापडलंय, हे तुमचं नशीब. औषधानं पुष्कळ वर्षं नीट जातील. हाताचं काम करता येईल."

हाताबद्दल त्यानं विचारलंच नव्हतं. आवाजाबद्दल विचारायचं होतं, ते त्याच्या तोंडातून बाहेर पडलं नाही.

घरी आल्यावर त्यानं सारिकाला सांगितलं. ती बटणं लावत होती. तिनं सुई कापडात खोचून ठेवली.

"वेदूला?" तिनं विचारलं.

"परीक्षा झाल्यावर."

"तिचा कान कसलाय माहिती आहे ना? तुम्ही दोन वाक्यं बोललात तरी ती ओळखंल."

"मग बोलतच नाही."

सारिकानं त्याच्याकडं पाहिलं. "अहो, तुम्ही? तुम्ही न बोलता राहणार?"

पण तो राहिला. घशाला सूज आहे, डॉक्टरांनी परीक्षेपर्यंत मौन सांगितलंय, असं त्यानं कागदावर लिहून वेदिकाला दाखवलं. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि "बरं" म्हणाली. जालिंदरला वाटलं, बरं झालं, जास्त विचारलं नाही.

सकाळच्या सरावाला सारिका बसायला लागली. तिला सोंग जमत नव्हतं. "मला बरं वाटत नाही, कारण मी आजारी आहे," ती माइकमध्ये शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हणायची. पहिल्या दिवशी वेदिका हसली. नंतर हसली नाही.

घरातली बोलणी चिठ्ठ्यांवर आली. 'दूध आणलंय.' 'साडेनऊला क्लास. सोडतो.' मोटारसायकलवरून मिरजेच्या बसपर्यंत सोडताना पूर्वी तो तिला कुस्त्यांचे किस्से सांगायचा. आता ती मागं बसून त्याच्या पाठीकडं बघायची. कुंडलच्या मैदानाचं बोलावणं आलं. तिथं तो एकवीस वर्षं माइकवर होता. त्यानं नकार कळवला. कमिटीतली माणसं घरी आली, तर सारिकानंच त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्या संध्याकाळी वेदिका त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"पप्पा, माझ्यावर रागावलाय का?"

त्यानं जोरानं मान हलवली. पेन शोधायला लागला. पेन सापडेपर्यंत ती आत निघून गेली होती.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना क्लासच्या तांबोळी मॅडमचा फोन आला. पालकांनी समक्ष येऊन भेटावं म्हणाल्या. रिझवाना तांबोळी वीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. आता मुलांना 'संवाद' शिकवायच्या. त्यांनी जालिंदरसमोर एक कागद सरकवला.

"हे वेदिकाचं. अकरा आजारांत ती माझ्या वर्गात पहिली आहे. नवव्यात बघा."

नवव्या रकान्यात सगळीकडं फुल्या होत्या.

"नोव्हेंबरपर्यंत नऊ नंबर तिचा सगळ्यात पक्का होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून एकदाही बरोबर नाही. सत्तावीस वेळा आला, सत्तावीस वेळा चूक. कधी दमा म्हणते, कधी नुसता थकवा. शिरतोडे, ज्या पोराला येत नाही त्याचं एखादं तरी चुकून बरोबर येतं. हिला ऐकू येतंय. ती नाव घ्यायचं टाळतेय. का ते मला कळत नाही. विचारलं तर रडते."

"डिसेंबर?" जालिंदर म्हणाला. महिन्याभरात तो परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलला होता. "पेटीनं तर फेब्रुवारीत..."

तो थांबला. तांबोळी मॅडमही थांबल्या. त्यांचाही कान तयार होता. त्यांनी कागद हळूच उलटा करून ठेवला, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला त्याच्यापुढं केला.

"तिला माहीत आहे," जालिंदर म्हणाला.

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आधीपासून."

परतीच्या बसमध्ये तो हिशेब मांडत बसला. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रोज सकाळी तो कॉटवर पडून कण्हत होता, गमती करत होता आणि आत ती पोरगी कानाला हेडफोन लावून ऐकत होती. पेटीनं मिसळलेला आजार आणि त्याखालचा खरा. त्याच्या मौनाच्या कागदाला ती नुसतं 'बरं' म्हणाली होती. मौन घेऊन आपण तिला वाचवलं अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात घरात तिला जे एकटीला ठाऊक होतं, त्याच्यासोबत तो तिला एकटंच सोडून बसला होता.

तो घरी पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. वेदिका जमिनीवर पेपर सोडवत बसली होती. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि खिशातलं पेन काढून बाजूला ठेवलं.

"वेदू."

तिचं पेन थांबलं.

"पेटी नको. हेडफोन नको. मी पेशंट आहे. नाव जालिंदर शिरतोडे, वय अठ्ठेचाळीस. मला काय झालंय, सांग."

"पप्पा, तुमच्या घशाला सूज आहे, बोलू नका..."

"घसा ठणठणीत आहे."

सारिका मशीनवरून उठून दारात येऊन उभी राहिली. वेदिकानं तिच्याकडं पाहिलं, मग बापाकडं. तिचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला, रडू यायच्या आधीचा.

"कधी ऐकलंस?" जालिंदरनं विचारलं.

"डिसेंबरात. तुम्ही फोनवर कुणाशी तरी हसत होता. हसणं सुरू झालं, पण वर चढलंच नाही. तिथंच सपाट राहिलं. मला वाटलं माझी चूक आहे. म्हणून रोज सरावाला तुम्हालाच बसवायचे. उद्या चूक निघेल, उद्या निघेल." तिनं नाक पुसलं. "मग वाटलं, आपण नाव घेतलं नाही तर ते नसेल."

"आणि मी बोलायचा बंद झालो तेव्हा?"

"तेव्हा कळलं की तुम्हालाही कळलंय. पण तुम्हीच सांगत नाही, तर मी कसं विचारू?"

बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"सांग आता," जालिंदर म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय. तरी तू सांग."

वेदिका सरळ बसली. हात मांडीवर घेतले. आवाज कापत होता, तरी तिनं तो थांबू दिला नाही.

"तुम्ही स्वतः डॉक्टरकडं जाऊन तपासून घेतलंत, हे चांगलं केलंत. तुमच्या मेंदूत एक रस तयार करणाऱ्या पेशी कमी होताहेत. त्याला पार्किन्सन्स म्हणतात. तो बरा होत नाही. पण तो हळू चालतो, आणि औषधानं त्याला आणखी हळू करता येतं. तुम्ही काम कराल, चालाल, फिराल. पुष्कळ वर्षं." ती थांबली. "तुम्हाला काही विचारायचंय?"

मिरजेच्या डॉक्टरपुढं अडकलेला प्रश्न जालिंदरनं मुलीपुढं ठेवला.

"मैदानात बोलता येईल का मला?"

खोटं बोलायला जागा होती. सारिकाला वाटलं, पोरीनं खोटंच बोलावं.

"पुढच्या वर्षी येईल," वेदिका म्हणाली. "त्याच्या पुढच्या वर्षीही बहुतेक येईल. त्यानंतरचं मला माहीत नाही, पप्पा. कुणालाच माहीत नाही. रोज आवाजाचा व्यायाम केला तर दिवस वाढतील. पण एक दिवस असा येईल की हातात माइक असूनही मागच्या माणसांना ऐकू जाणार नाही. तुम्ही त्या दिवसाची तयारी ठेवायची. मी असेन."

एवढं बोलून ती रडायला लागली. जालिंदर रडला नाही. कुणीतरी एकदाचं पुरतं सांगितलं होतं. न सांगता राहिलेलं असं काही आता घरात उरलं नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुष्कळ दिवसांनी मोठ्यानं म्हणाला, "सारिका, चहा टाक."

दुसऱ्या दिवसापासून सहाची पेटी बंद झाली आणि सहाला नुसत्या गप्पा सुरू झाल्या. तो बोलायचा, ती ऐकायची. कधीकधी डॉक्टरांनी दिलेले आवाजाचे व्यायामही असायचे. लांब 'आ' म्हणायचं, श्वास पोटापर्यंत घ्यायचा. तांबोळी मॅडमनी कळवलं की नवव्या रकान्यातल्या फुल्या संपल्या.

परीक्षा मेमध्ये कोल्हापूरला झाली. निकाल जूनमध्ये लागला. संवादात वेदिकाला जिल्ह्यात सर्वांत जास्त मार्क होते. भौतिकशास्त्रानं मात्र तिला खाली खेचलं. जागा मिळण्यासारखी होती, जवळची मिळण्यासारखी नव्हती.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या दिवशी जालिंदर दुकानातून लवकर आला. वेदिकानं फॉर्म भरून ठेवला होता. त्यात तीनच नावं होती. मिरज, कोल्हापूर, सातारा.

"बाकीची?"

"बाकीची लांब आहेत."

"ही तीन मिळतील?"

ती लॅपटॉप मिटायला लागली.

"मला खोटं सांगायचं नाही, एवढं ठरलंय आपलं," तो म्हणाला. "मिळतील का?"

"नाही."

"मग हा फॉर्म म्हणजे घरी बसायचा अर्ज आहे."

"तुमच्याजवळ कुणीतरी पाहिजे, पप्पा."

"तुझी आई आहे. तू माझ्याजवळ बसून काय करणार? माझा आवाज कमी होताना ऐकत बसणार रोज?" त्यानं लॅपटॉप आपल्याकडं वळवला. "तुला ऐकता येतं, सांगता येतं. माझ्यासारखी कितीतरी माणसं कुठंतरी डॉक्टरपुढं बसून प्रश्न गिळताहेत. लिही. सगळी लिही."

वेदिका हटून बसली. सारिकानं मध्ये पडून तिची समजूत काढली, मग दोघींचं भांडण झालं. शेवटी अठ्ठावीस नावं भरली गेली. दुसऱ्या फेरीत नंदुरबारचं सरकारी कॉलेज लागलं.

दोन गाड्या बदलून बापलेक नंदुरबारला पोचले. सारिका आली नाही. शाळा सुरू झाल्या होत्या आणि गणवेश द्यायचे होते. कॉलेजच्या कार्यालयात पोरं, आईबाप, फायली, झेरॉक्सचे गठ्ठे यांची ही गर्दी. डोक्यावर पंखे गरगरत होते. काचेपलीकडं बसलेला क्लार्क मान वर न करता कागद घेत होता. हमीपत्र पालकाच्या नावावर होतं, म्हणून खिडकीपाशी जालिंदर उभा राहिला. वेदिका त्याच्या खांद्यामागं होती.

"उमेदवाराचं नाव?" क्लार्कनं विचारलं.

जालिंदरनं सांगितलं.

"काय? काका, ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला."

जालिंदर तसाच उभा राहिला. असं त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. तो दिवस माइकसमोर येईल, मातीच्या कडेला येईल असं त्यानं मनात धरलं होतं. तो असा एका काचेच्या खिडकीपाशी येऊन उभा राहील हे त्याला सुचलं नव्हतं.

मागून वेदिकानं श्वास घेतल्याचं त्याला ऐकू आलं. ती बोलणार होती. त्याच्याऐवजी नाव सांगून टाकणार होती. त्यानं मान वळवली. दोघांची नजर भेटली. वेदिकानं तोंड मिटलं आणि एक पाऊल मागं सरली.

जालिंदरनं काचेवर हात टेकवला. श्वास पोटापर्यंत खाली नेला.

"वेदिका जालिंदर शिरतोडे," तो म्हणाला. "मुक्काम पलूस, जिल्हा सांगली."

आवाज काचेपलीकडं पोचला. त्याहून लांब गेला नाही. क्लार्कनं नाव लिहून घेतलं आणि पुढचा कागद मागितला.